पन्नास रुपयांचा दंड कॅनडात केवढा?

गोंदियाहून कामठ्याकडे निघालं की धानाच्या बांध्यांमधून बिरसीची धावपट्टी लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, इंग्रजांनी ती बांधली. आज तिच्यावर प्रशिक्षणाची छोटी विमानं चढउतार करत असतात, कारण भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि मॉन्ट्रियलची सीएई कंपनी यांनी मिळून इथे वैमानिक घडवणारी संस्था काढली. १ डिसेंबर २०२३ ला इंडिगोची हैदराबाद सेवा सुरू झाली आणि बिरसीहून थेट जगाकडे जाणारा रस्ता उघडला. कॅनडा हे नाव या गावाला नवं नाही.

याच पंचक्रोशीतला एखादा चाळिशीचा माणूस डोळ्यांसमोर आणा. कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे कायम वास्तव्यासाठी, अर्ज भरतोय. इंग्रजीची परीक्षा झाली, पदवीची पडताळणी झाली, बँकेतली शिल्लक दाखवून झाली. मग अर्जात एक प्रश्न येतो. कोणत्याही देशात तुमच्या हातून गुन्हा घडला आहे का, अटक झाली आहे का, आरोप ठेवला गेला आहे का, दोषी ठरला आहात का? आणि त्याला बावीसाव्या वर्षीची मंडई आठवते. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडार नाहीतर नाटक चालतं, आणि गर्दीत कधी कुणाची कॉलर कुणाच्या हातात येते. पोलीस आले, नाव लिहिलं गेलं, दोन-तीन तारखा झाल्या, पाचशे रुपये दंड भरून विषय संपला. घरच्यांच्याही तो आज ध्यानात नाही.

त्या रात्रीचा आता हिशेब होईल का? होईल. मला या विषयाची ओढ लागली ती त्या हिशेबाच्या पद्धतीमुळे. माणूस किती वाईट वागला, यावर तो फारसा ठरत नाही. कोणत्या देशाने कोणता तराजू हातात घेतला आहे, यावर ठरतो. एक देश गुन्ह्याला आपल्या कायद्यात किती शिक्षा आहे ते पाहतो, दुसरा प्रत्यक्षात किती शिक्षा झाली ते पाहतो, तिसरा त्या कृत्यामागची वृत्ती पाहतो. त्यामुळे ज्या केसने कॅनडाचं दार अडतं, तिच्याकडे अमेरिका फारसं बघतही नाही. आणि जी अमेरिकेत आडवी येते, ती ऑस्ट्रेलियात नगण्य ठरू शकते.

पण आधी आपल्याकडचं बघू. आपण दोषी ठरलो आहोत हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

आपल्या गावांतल्या भांडणाचे आकडे ठरलेले होते: ३२३, ५०४, ५०६. साधी दुखापत, शिवीगाळ, धमकी. धुऱ्यावरून भांडण होवो की नळावरून, फिर्याद याच तीन कलमांखाली लिहिली जायची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तेच गुन्हे ११५(२), ३५२ आणि ३५१ झाले. अशा केसेस वर्षानुवर्षं पडून राहतात. मग राष्ट्रीय लोकअदालतीचा दिवस येतो, त्याच्या आगेमागे किरकोळ फौजदारी खटले निकाली काढायची खास मोहीम असते, आणि कोर्टाच्या आवारात झुंबड उडते. तिथे दोन माणसं शेजारीशेजारी उभी आहेत असं समजा. दोघांवरही ३२३ आहे. पहिल्याचा फिर्यादी येतो, दोघं हात मिळवतात, आपसातल्या तडजोडीचा अर्ज होतो. दुसऱ्याचा फिर्यादी मुंबईला कामाला गेलाय, तो काही येत नाही. वकील म्हणतात, “भाऊ, किती तारखा खाणार? कबूल करून टाका. थोडा दंड होईल, कोर्ट उठेपर्यंत बसावं लागेल, संध्याकाळी घरी.” तो म्हणतो, “साहेब, तुम्ही म्हणाल तसं.” चार-साडेचारला दोघंही एकाच चहाच्या टपरीवर येतात, दोघांच्याही डोक्यावरचं ओझं उतरलेलं असतं.

कायद्याच्या नजरेत मात्र ते दोघं आता एकमेकांपासून फार लांब गेले आहेत. तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्याचा असतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्ये तसं स्पष्ट लिहिलं होतं आणि नव्या संहितेतही ते कायम आहे. कबुली म्हणजे दोषसिद्धी. आणि ‘कोर्ट उठेपर्यंत’ बाकावर बसणं हाही कागदोपत्री साधा कारावास आहे. तुरुंगाचा दरवाजा न पाहिलेला माणूस त्या संध्याकाळी शिक्षा भोगलेला होऊन घरी जातो. काही किरकोळ गुन्ह्यांत तर कोर्टात जावंही लागत नाही. समन्सबरोबर दंडाची रक्कम ठरून येते, ती कबुलीसह पाठवली की काम संपलं, आणि दोषसिद्धी नोंदली गेली.

उलट, ज्याची लोकांना धास्ती वाटते त्यातलं बरंचसं दोषसिद्धी नसतंच. हेल्मेट नाही म्हणून आलेलं ई-चलान भरलं, तर ती तडजोड झाली. ठाण्यात अदखलपात्र नोंद झाली आणि पुढे काहीच घडलं नाही, तर खटलाही नाही. रास्ता रोको केला, जमावबंदी मोडली म्हणून गुन्हा दाखल झाला आणि शासनाने आंदोलनांतले खटले मागे घ्यायचं ठरवलं, तर कोर्टाच्या परवानगीने तो खटला संपतो: आरोप निश्चित व्हायच्या आधी असेल तर मुक्तता, नंतर असेल तर निर्दोष. बिरसीच्या विमानतळासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या प्रकल्पग्रस्तांनी आंदोलनं केली आहेत. अशा गावांत हा फरक घरोघरी माहीत असायला हवा. फक्त एक लक्षात ठेवायचं. अर्जातला प्रश्न दोषसिद्धीपुरता नसतो, अटक आणि आरोप यांबद्दलही असतो. निर्दोष सुटलेल्यानेही ‘हो’ म्हणून निकालाची प्रत जोडायची असते.

आता कॅनडा. तिथल्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ३६ एक विलक्षण गोष्ट करतं. ते तुमचा गुन्हा उचलतं आणि कॅनडाच्या भूमीवर नेऊन ठेवतं. हेच कृत्य इथे घडलं असतं तर आमच्या कायद्यात तो कोणता गुन्हा ठरला असता, आणि त्याला जास्तीत जास्त किती शिक्षा असती? आपल्या न्यायाधीशांनी किती दंड केला, हा मुद्दा मागे पडतो.

कोंबडबाजाराचंच घ्या. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात हिवाळ्यात जंगलाच्या कडेला कोंबड्यांच्या झुंजी लागतात, पायाला धारदार काती बांधून. पोलिसांची धाड पडते, कोंबडे, कात्या, मोटारसायकली जप्त होतात. जुगाराच्या कलमासोबत प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचं कलम ११ लागतं. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५० रुपये. माणूस पन्नासची नोट ठेवतो आणि विसरतो. कॅनडात मात्र प्राण्यांच्या झुंजी लावणं, त्यात भाग घेणं, हे तिथल्या फौजदारी संहितेच्या कलम ४४५.१ मध्ये येतं. कमाल शिक्षा पाच वर्षं. झुंजीसाठी रिंगण बांधलं तर त्याचं आणखी वेगळं कलम आहे. तिथे असे पुष्कळ गुन्हे दोन्ही पद्धतींनी चालवता येतात, हलक्या आणि गंभीर. पण इमिग्रेशनपुरते ते सगळे गंभीर पद्धतीचेच धरले जातात. म्हणजे सालेकशाच्या रानात ज्याची किंमत पन्नास रुपये ठरली, ते ओटावातल्या टेबलावर पाच वर्षांच्या कैदेचं कृत्य म्हणून उघडतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोन्ही कायदे शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा पाहिले. जुगाराचं तसं नाही. झाडाखाली पत्ते खेळताना सापडल्याची एकुलती एक किरकोळ केस कॅनडात सहसा आड येत नाही, कारण तिच्या तोडीचा गंभीर गुन्हा तिथे सापडत नाही. मात्र वेगवेगळ्या प्रसंगांतले असे दोन गुन्हे असतील आणि दोन्ही तिथल्या कायद्यात बसत असतील, तर तेही अडवतात.

मंडईतल्या मारामारीचं काय? आपल्या ३२३ ला कमाल शिक्षा एक वर्ष. कॅनडातला साधा हल्ला पाच वर्षांपर्यंत जातो. म्हणजे अडथळा आहे, पण काळाने विरघळणारा. दहा वर्षांपेक्षा कमी कमाल शिक्षेचा एकच गुन्हा असेल, शिक्षा पूर्ण होऊन दहा वर्षं झाली असतील आणि मध्ये दुसरं काही घडलं नसेल, तर माणूस सुधारला असं कॅनडाचा कायदा आपण होऊन मानू शकतो. ही दहा वर्षं गुन्ह्याच्या तारखेपासून मोजत नाहीत. शिक्षा पूर्ण झाल्यापासून मोजतात. दंडाचीच शिक्षा असेल तर दंड भरल्यापासून. कोर्टातली ती कार्बन कागदाची फिकट पावती, जी कुठल्या तरी पिशवीत सातबाऱ्याच्या मागे दुमडून पडलेली असते, ती अशा वेळी पदवीच्या प्रमाणपत्राइतकी मोलाची ठरते.

पण हातात काठी होती का? हा प्रश्न साधा नाही. कॅनडात शस्त्राने केलेला हल्ला दहा वर्षांचा गुन्हा आहे, आणि मारायला वापरलेली कोणतीही वस्तू शस्त्र ठरू शकते. दहा वर्षं हा आकडा आला की ‘गंभीर गुन्हेगारी’ सुरू होते आणि आपोआप सुधारल्याचं मानणं बंद होतं. १९८७ च्या हिल खटल्यात तिथल्या अपील न्यायालयाने तुलनेचे मार्ग सांगितले: दोन्ही कायद्यांचे शब्द ताडून पाहा, किंवा खटल्यातला पुरावा पाहा, किंवा दोन्ही. म्हणून कलम ३२३ असूनही फिर्यादीतलं ‘काठीने डाव्या हातावर मारले’ हे एक वाक्य सारा हिशेब फिरवू शकतं. हवालदाराने रात्री अकरा वाजता लिहून घेतलेली ती ओळ वीस वर्षांनी दुसऱ्या खंडात कुणीतरी शब्दाशब्दाने वाचतं.

आणि दारू पिऊन गाडी. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. सप्टेंबर २०१९ पासून दंड दहा हजारांचा. कॅनडाने १८ डिसेंबर २०१८ ला याच गुन्ह्याची कमाल शिक्षा पाचवरून दहा वर्षांवर नेली. एका तारखेने तो साध्या गुन्हेगारीतून गंभीर गुन्हेगारीत गेला. त्या तारखेनंतर गोंदियात नाकाबंदीत सापडलेला मोटारसायकलवाला आणि तिच्याआधी सापडलेला, यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पण इथे दुसरी बाजूही आहे, आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे. आपल्याकडे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा. कॅनडात फौजदारी गुन्ह्याची मर्यादा ८० आहे. यंत्राच्या चिठ्ठीवर ४५ छापलेलं असेल आणि गाडी चालवण्याइतका तो शुद्धीत नव्हता असं दुसऱ्या कशातून दिसत नसेल, तर तिथे तोडीचा गुन्हाच उरत नाही. ती बोटभर चिठ्ठी केसच्या कागदांत आहे की नाही, ते बघायलाच हवं.

अमेरिकेत गेलं की सगळं उलटं होतं. तिथला कायदा विचारतो, या कृत्यात नैतिक अधःपतन होतं का? ही कसोटी तिथल्या इमिग्रेशन कायद्यात १८९१ पासून आहे. साधी झटापट बहुधा त्यात येत नाही. साधं मद्यपान करून वाहन चालवणंही येत नाही. अलीकडची अटक असेल तर डॉक्टरकडून व्यसनाची तपासणी होते, ती गोष्ट वेगळी. पण चोरी, फसवणूक, खोटा दस्तऐवज हे येतात, रक्कम कितीही लहान असो.

इथे एक सवलत आहे. असा एकच गुन्हा असेल, त्याला कायद्यात कमाल एक वर्षापर्यंत शिक्षा असेल आणि प्रत्यक्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त झाली नसेल, तर तो क्षुल्लक धरतात. ऐकायला उदार वाटतं. आता आपलं चोरीचं जुनं कलम ३७९ घ्या: कमाल शिक्षा तीन वर्षं. कॉलेजात असताना कुणाची सायकल उचलली, कबूल केलं, दोनशे रुपये दंड झाला. तरी कलमाची कमाल तीन वर्षं म्हणून ही सवलत हातची जाते. मग माफीसाठी वेगळा अर्ज. त्यासाठी कृत्याला पंधरा वर्षं उलटलेली असावी लागतात, किंवा अमेरिकेत नागरिक नाहीतर ग्रीन कार्डधारक जोडीदार, आईवडील वा मूल असून त्यांना अतिशय त्रास होईल हे दाखवावं लागतं. तीच सायकल कॅनडात छोट्या रकमेच्या चोरीत मोडते आणि दहा वर्षांनी आपोआप मागे पडू शकते. दारूवाल्याची वाट अमेरिकेकडे मोकळी आणि सायकलवाल्याची कॅनडाकडे.

चोरीच्या याच कलमावरून मला नेहमी लोकनायक बापूजी अणे आठवतात. वणीचा हा माणूस. १० जुलै १९३० ला पुसदजवळच्या राखीव जंगलात त्यांनी गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला. सरकारी गवत कापलं म्हणून खटला चालला तो चोरीचा, आणि सहा महिन्यांची शिक्षा झाली. हेच अणे १९४३ मध्ये सिलोनला भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून गेले, आणि स्वातंत्र्यानंतर बिहारचे राज्यपाल झाले. कागद तोच, कलम तेच, पण वाचणाऱ्याने त्यामागचा प्रसंगही वाचला. अमेरिकेच्या कायद्यातही निव्वळ राजकीय गुन्हे बाजूला ठेवायची पद्धत १८७५ पासून आहे.

या विषयातली जगातली सर्वांत गाजलेली केस बीटल्सचा गायक जॉन लेनन याची आहे आणि ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. १९६८ च्या ऑक्टोबरात लंडनमधल्या त्याच्या फ्लॅटवर धाड पडली, थोडा गांजाचा राळेसारखा पदार्थ, म्हणजे चरस, सापडला. नोव्हेंबरात त्याने गुन्हा कबूल केला आणि १५० पौंड दंड भरला. लोकअदालतीतल्या आपल्या माणसासारखाच त्यालाही वाटलं असेल की प्रकरण मिटलं. १९७१ मध्ये तो अमेरिकेत गेला. पुढच्या वर्षी त्याला देशाबाहेर काढायची कारवाई सुरू झाली, याच दोषसिद्धीच्या आधारावर. त्याचे वकील लिऑन वाइल्ड्स यांनी लढा दिला. ७ ऑक्टोबर १९७५ ला अपील न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आयर्विंग कॉफमन यांनी निकाल लिहिला, आणि त्याचा गाभा पाहा: लेननला ज्या ब्रिटिश कायद्याखाली दोषी धरलं त्यात, आपल्याजवळ काय आहे हे त्या माणसाला ठाऊक असण्याची गरजच नव्हती. नकळत जवळ बाळगलं तरी दोषी. अमेरिकेच्या कायद्याला अभिप्रेत असलेला गुन्हा जाणूनबुजून बाळगण्याचा होता. म्हणजे दोन्हींचं नाव एक, पण घटक वेगळे. म्हणून ही दोषसिद्धी लागू नाही. २७ जुलै १९७६ ला लेननला ग्रीन कार्ड मिळालं. त्याने अमली पदार्थ जवळ बाळगला होता की नाही यावर हा निकाल फिरलाच नाही. तो फिरला लंडनच्या कायद्यातल्या एका उणिवेवर. आपल्या कलमांचं वाचनही परदेशात असंच होतं, म्हणून निकालाच्या प्रतीबरोबर त्या वेळच्या कलमाचा मजकूरही जोडावा लागतो.

ऑस्ट्रेलिया झालेली शिक्षा मोजतो. तिथल्या १९५८ च्या मायग्रेशन कायद्याच्या कलम ५०१ प्रमाणे बारा महिने किंवा जास्त कैदेची शिक्षा झाली असेल तर चारित्र्याच्या कसोटीत माणूस नापास होतो. दंडावर सुटलेल्याला हा आकडा लागू होत नाही. पण एक सापळा आहे आणि तो आपल्याच निकालपत्रांतून तयार होतो. आपली कोर्टं ३२३ ला सहा महिने, ५०४ ला सहा महिने, ५०६ ला सहा महिने देतात आणि शेवटी लिहितात की सर्व शिक्षा एकत्रित भोगायच्या. आरोपी सहा महिन्यांत बाहेर. ऑस्ट्रेलियाचा कायदा म्हणतो, एकत्र भोगलेल्या शिक्षाही प्रत्येक पूर्ण मोजा. सहा अधिक सहा अधिक सहा: अठरा. ‘एकत्रित’ या शब्दाने इथे जे दिलं, ते तिथल्या बेरजेत निघून जातं. ब्रिटनचं थोडक्यात: तिथे १९७४ पासून जुनी, लहान शिक्षा काही काळाने सांगायची गरज राहत नाही असा कायदा आहे, पण १ ऑक्टोबर २०१२ पासून तो इमिग्रेशनच्या अर्जांना लागू नाही. तिथे जुनंही सांगावंच लागतं.

या सगळ्याच्या तुलनेत आपला पासपोर्ट कायदा अगदी वेगळा चालतो. १९६७ च्या त्या कायद्यात निकाल लागलेल्या जुन्या छोट्या केसची अडचण नाही. मागच्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्याला किमान दोन वर्षांची शिक्षा झाली असेल तरच नकार देता येतो. अडचण प्रलंबित खटल्याची. त्यात पासपोर्ट अडतो आणि कोर्टाची परवानगी आणावी लागते. म्हणून तर वकील ‘कबूल करा आणि मोकळे व्हा’ म्हणतात. पासपोर्टसाठी तो सल्ला बरोबर आहे. पीआरसाठी तोच सल्ला महागात पडू शकतो. परदेशी जायचा विचार मनात असेल तर फिर्यादीला शोधून आणा, तडजोड करा, नाहीतर नागपूर खंडपीठात गुन्हा रद्द करायचा अर्ज करा, पण कबुलीचं बोट वर करण्याआधी एक रात्र थांबा, असं मी प्रत्येक तरुणाला सांगेन.

वयाचीही एक गोष्ट आहे. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात मुलगा सोळाव्या वर्षापर्यंतच बालक होता. अठराची मर्यादा नंतर आली. १९९५ मध्ये सतरा वर्षांच्या मुलाला आपल्या कोर्टाने मोठ्या माणसासारखी शिक्षा दिली असेल, तर कॅनडात मात्र बारा ते सतराच्या मुलांसाठी तेव्हाही वेगळा कायदा होता. तिथे त्याचं प्रकरण किशोराचं म्हणून मांडता येतं. शाळा सोडल्याचा दाखला इथे कामी येतो.

कागद मिळवायचे कुठून? पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट खात्याकडून मिळतं, आपल्या भागासाठी नागपूरच्या कार्यालयाकडून, आणि त्यासाठी स्थानिक ठाण्याची चौकशी होते. निकालाची सही-शिक्क्याची प्रत कोर्टाच्या नक्कल विभागातून. पण केस १९९९ च्या आधीची असेल तर लक्षात घ्या, १ मे १९९९ पर्यंत गोंदिया जिल्हाच नव्हता. सगळं भंडारा होतं. जुने कागद तिकडेही शोधावे लागू शकतात. किरकोळ खटल्यांचे कागद ठरावीक वर्षांनी नष्ट करतात. तसं झालं असेल तर ‘अभिलेख नष्ट’ असा कोर्टाचा लेखी शेरा घ्यायचा. तोही पुरावाच आहे. आणि मग आपल्या शब्दांत प्रसंग लिहायचा: तारीख, जागा, कोण होतं, काय घडलं, किती दंड भरला, त्यानंतर आयुष्यात काय केलं.

नोंद नष्ट झाली असेल तर लिहायचंच कशाला, असं एजंट सुचवतात. “दादा, कोणाला कळणार?” कॅनडाचं कलम ४० याचं उत्तर देतं: खोटं सांगितलं किंवा महत्त्वाचं लपवलं तर पाच वर्षं अर्जच करता येत नाही. अमेरिकेत फसवणुकीची बंदी आयुष्यभराची, माफी मिळाली तरच सुटते. ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत, ऑस्ट्रेलियात तीन. पीआर मिळून, पुढे नागरिकत्व मिळून वर्षं उलटली तरी लपवलेली गोष्ट उघडी पडली तर ते काढून घेता येतं. हे देश आपसात बोटांचे ठसेही ताडून पाहतात. ज्या ३२३ ला दहा वर्षांनी कॅनडाने स्वतःहून मागे टाकलं असतं, तेच लपवल्यामुळे पाच वर्षांची बंदी ओढवते, आणि यात बळी जातात ती मुख्यतः साधी, कायद्याला भिणारी माणसं. मला याचं फार वाईट वाटतं.

ज्यांची दहा वर्षं अजून भरली नाहीत, किंवा ज्यांच्या केसमध्ये ती काठी आहे, त्यांनाही कॅनडाने एक मार्ग ठेवला आहे. शिक्षा पूर्ण होऊन पाच वर्षं झाली की वैयक्तिक पुनर्वसनाचा अर्ज करता येतो. त्यात अधिकारी निकालपत्राबरोबर नोकरी, कुटुंब, गावातली वागणूक, मालकाची आणि शिक्षकाची पत्रं, सगळं वाचतो. वेळ लागतो, कधी वर्षाहून जास्त. पण तो मंजूर झाला की त्या गुन्ह्याची अडचण कायमची संपते. पुढच्या कुठल्याही अर्जात कॅनडा ती पुन्हा काढत नाही.